फुकट म्हणजे बेवारस नव्हे

एखाद्याने आपली विहीर गावाला खुली केली, म्हणून तिच्यावरची त्याच्या नावाची पाटी उपटून आपली लावण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. शाळकरी पोराला कळणारी ही गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना कळत नाही, की कळून घ्यायचीच नसते?

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी असे सॉफ्टवेअर. ते लिहिणारे कितीतरी जण पदरमोड करून लिहितात. सगळे वाटून टाकल्यावर त्यांच्यापाशी उरते ते फक्त नाव. नेमका त्यावरच धनिकांचा डोळा!

लिनक्सच्या संगणकाला पडदा, खिडक्या, मेनू पुरवणारा ‘ग्नोम’ हा प्रकल्प १९९७ सालचा. त्याचे मेनू स्वयंसेवकांनी मराठीतही आणले. हे नाव अमेरिकेत २००६ पासून ट्रेडमार्क म्हणून नोंदलेले. तरीही ग्रुपॉन कंपनीने २०१४ साली दुकानदारांसाठीच्या आपल्या टॅब्लेट-यंत्रणेचे बारसे ‘ग्नोम’ असेच केले आणि नावावर हक्क सांगणारे तब्बल २८ अर्ज ठोकले. त्यांतल्या पहिल्या १० अर्जांना विरोध करण्यासाठीच ग्नोमच्या संस्थेला ८०,००० डॉलर हवे होते. घुसखोराने अर्ज करावा आणि घरमालकाने घर विकून दावा लढवावा, हा कुठला न्याय? संस्थेने नोव्हेंबरमध्ये लोकांपुढे झोळी पसरली, गवगवा झाला, आणि कंपनीने लगोलग माघार घेतली. हा विजय कायद्याचा नव्हे, बोभाट्याचा!

२०१६ साली ‘किक’ नावावरून असाच तंटा झाला. त्या कंपनीचे चिन्ह नोंदलेले होते, हे मान्य. पण कोणत्याही न्यायालयाची पायरी न चढता, ‘एनपीएम’ या सॉफ्टवेअर-भांडाराच्या चालकांनी एका एकट्या प्रोग्रामरचे नाव त्याच्या संमतीवाचून कंपनीच्या हवाली केले. संतापून त्याने आपले सारे काम भांडारातून काढून घेतले. त्यात अवघ्या ११ ओळींचा एक तुकडा होता. त्याच्यावाचून जगभरची कामे काही तास अडली. बिनपगारी माणसाच्या ११ ओळींवर ज्यांचे डोलारे उभे, त्यांनी मालकीच्या गोष्टी सांगाव्यात!

‘नाव एवढे प्यारे असेल तर नोंदवा,’ असा शहाजोग सल्ला मिळतो. ग्नोमने नोंदवले नव्हते काय? आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३४ आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते; पण दुसऱ्याचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये आल्यापासून ४ महिन्यांत विरोध नोंदवायला हवा. रात्री जागून प्रोग्राम लिहिणाऱ्याने सकाळी ते जर्नल चाळत बसावे काय?

म्हणून मागणी एकच: आधीच नोंदलेल्या नावावर हात टाकणारा हरला, तर दोन्ही बाजूंचा सारा खर्च त्याच्याच माथी मारावा. आणि वाचकहो, आपणही जे फुकट वापरतो, ते कोणाच्या कष्टाचे आहे हे मुलांना नावानिशी सांगावे. दान घेणाऱ्याने दात्याचे नाव पुसू नये, एवढी रीत तरी आपण पाळू.