मेल्यावर मान, मरताना मौन!

बापाच्या तेराव्याला पंगतींवर पंगती उठवणारा, वर्तमानपत्रात त्याचे रंगीत छायाचित्र छापून 'शोकाकुल परिवार' म्हणून स्वतःची नावे झळकवणारा आणि पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळत उभा राहणारा आमचा सुसंस्कृत समाज, तोच बाप अतिदक्षता विभागात नळ्यांनी जखडलेला असताना, त्याला नेमके काय झाले आहे एवढे सांगण्याचेही धैर्य दाखवीत नाही. "काही नाही अण्णा, जरा अशक्तपणा आहे," एवढ्यावर त्याची बोळवण होते. ही माया नव्हे. हा पळपुटेपणा आहे!

आपण सांगितले नाही, म्हणजे त्याला कळले नाही, या भ्रमाला शास्त्राचा आधार नाही. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस आसन्नमरण रुग्णांशी बोलायला निघाल्या, तेव्हा असे रुग्ण आपल्याकडे नाहीतच, असे रुग्णालयातूनच त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते रुग्ण बोलायला आसुसलेले होते. क्युब्लर-रॉस यांच्या १९६९च्या ग्रंथातून आम्ही उचलले काय? तर पाच टप्प्यांचा तक्ता. आणि मरणाऱ्यांच्या मनाचा तो आलेख आम्ही मागे राहिलेल्यांच्या शोकाची मोजपट्टी करून टाकला. वार्धक्यात माणूस जगून झालेल्या आयुष्याचा हिशेब मांडतो. तो स्वीकारता आला तर समाधान, नाही तर नैराश्य, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन सांगून गेले. पण चुकांची कबुली द्यायला, क्षमा मागायला, निरोप घ्यायला समोर ऐकणारा लागतो. तो ऐकणाराच आम्ही हिरावून घेतला.

आणि जी मागे राहते तिचे काय? पन्नास वर्षांचा संसार एका रात्रीत संपलेल्या स्त्रीला "वय झालं होतं, सोनं झालं" असे ऐकवून, तिचे न जेवणे, न झोपणे, न बोलणे हे सारे म्हातारपणाच्या खात्यावर मांडून मुले आपापल्या कामाला लागतात. बहुतेकांचा शोक हा आजार नसतो, त्याला सोबत पुरते. परंतु महिनोन्महिने न ओसरता जगणेच अशक्य करणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत विकार म्हणून स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि त्यावर उपचारही आहेत. आमच्याकडे उपचार दूरच राहिले. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितले. तरीही अंगणात प्रेत असताना सत्तरीच्या आजीच्या हातातल्या बांगड्या फोडायला पुढे सरसावणारे हात अजून थांबलेले नाहीत. शोकाआधी तिच्या वाट्याला विटंबना येते!

सरकारची कथा वेगळी नाही. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. उपचारांविषयीचे वैद्यकीय इच्छापत्र करण्याची जाचक प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी केली. पण हे गावोगावच्या वृद्धांना सांगायचे कोणी? देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे आसन्नमरण रुग्णांचे शुश्रूषागृह, १९८६ साली मुंबईत, वांद्र्याला उभे राहिले. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदनाशमनाच्या सेवेचे, धोरण मात्र २००८ साली आखले केरळने. कर्करोगाने तळमळणाऱ्या शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी मॉर्फिन मिळेल, अशी हमी आज कोणता मंत्री देईल? पुतळ्यांना पैसा आहे. वेदनेला नाही.

समाजसुधारक आगरकरांची ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढणाऱ्या सनातन्यांना नावे ठेवताना आमची जीभ थकत नाही. पण घराघरांत श्वास चालू असलेल्या माणसाला वगळून त्याच्या औषधांचे, घराचे आणि वाटणीचे निर्णय त्याच्या उशाशी कुजबुजत घेणारे आम्ही त्यांच्याहून कोणत्या अर्थाने पुढारलेले? सरकारने तालुक्या-तालुक्यात वेदनाशमनाची सेवा उभी करावी, डॉक्टरांनी नातेवाइकांआधी रुग्णाशी बोलावे, आणि मुलांनी बापाला त्याच्या मरणाचा धनी राहू द्यावे. हे ज्यांना अवघड वाटते त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की आज आपण बापाशी जसे वागतो, तो धडा आपली मुले दाराआडून गिरवीत आहेत. उद्याची खाट तुमची आहे!