अंगणात सदाफुली, किल्ली परक्याच्या हाती

स्वदेशी म्हणजे साबण आणि टूथपेस्ट यांची यादी, अशी एक सोयीची समजूत आपल्या घराघरांत रुजली आहे. परंतु स्वदेशीची खरी कसोटी किराणा दुकानात लागत नाही. ती लागते रुग्णालयात, रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलाच्या खाटेशेजारी. तेथे औषध उपलब्ध आहे काय, आणि असल्यास ते घरदार न विकता मिळते काय, एवढेच दोन प्रश्न शिल्लक उरतात.

या प्रश्नांना पुण्याने एकदा खणखणीत उत्तर दिले आहे. दुर्दैव असे की, बहुतेक पुणेकरांना त्याची वार्ताही नाही. १९५८ साली कॅनडातील नोबल आणि बीअर या संशोधकांनी सदाफुलीच्या पानांपासून व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. पुढे अमेरिकेतील एली लिली कंपनीने त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळवले. बालकांच्या रक्तकर्करोगावरील उपचारात ते आजही पायाभूत मानले जाते. ढिगांनी पाने वाळवावीत तेव्हा कोठे चिमूटभर औषध हाती लागते. आपल्या दक्षिणेतील शेतांमधून ही पाने आणि मुळे जहाजांनी परदेशी जात आणि तयार औषध तिकडून येई. मँचेस्टरला कापूस धाडून कापड विकत घेणाऱ्या पराधीन हिंदुस्थानचीच ही स्वातंत्र्योत्तर आवृत्ती नव्हे काय? ही साखळी तोडण्याचे काम पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केले. १९८४ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीच्या सहकार्याने तिने ही दोन्ही औषधे बनविण्याचे तंत्र येथेच विकसित केले. औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर केवळ प्रक्रियेला पेटंट देणाऱ्या १९७० च्या कायद्याचे कवच त्या काळी भारतीय औषधनिर्मितीला लाभले होते.

पण हा रोग एकदा जिंकून निश्चिंत व्हावे अशा शत्रूंपैकी नाही. औषधाच्या माऱ्यातून वाचलेल्या पेशी नवी युक्ती शोधतात. १९७६ मध्ये कॅनडातच सापडलेले एक प्रथिन पेशीच्या आवरणावर पंपासारखे काम करते आणि आत शिरलेले औषध बाहेर फेकते. व्हिन्क्रिस्टिनही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. दीर्घकालीन रक्तकर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले आणि त्याच वर्षी त्याला दाद न देणाऱ्या पेशींचे कोडेही उलगडले. लक्ष्य असलेल्या प्रथिनातील एकच अमायनो आम्ल बदलते आणि औषध तेथे बसेनासे होते. मग दुसरे औषध, त्यानंतर तिसरे. प्रत्येक नवे कुलूप, प्रत्येक नवी किल्ली आणि प्रत्येक किल्लीवर नवे पेटंट! औषधरोध हा म्हणूनच केवळ वैद्यकाचा विषय नाही. जो देश स्वतः किल्ल्या घडवत नाही, त्याला प्रत्येक वळणावर नव्याने खंडणी भरावी लागते.

या खंडणीचे स्वरूप इमॅटिनिबच्याच प्रकरणात उघड झाले. नोव्हार्टिस कंपनीचे 'ग्लिवेक' महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना पडत होते. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने या पेटंटला विरोध केला, २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जुन्याच पदार्थाला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबविण्यास मज्जाव करणारे कलम ३(ड) येथे कामी आले. या कलमासाठी डाव्या पक्षांनीही आग्रह धरला होता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु डंकेल प्रस्तावाच्या काळात स्व. दत्तोपंत ठेंगडी या संकटाबद्दल कंठरवाने सांगत होते, तेव्हा त्यांना कालबाह्य ठरविणारे पंडित कोठे होते? आणि 'अशाने संशोधनच थांबेल' असा गळा काढणाऱ्यांना एवढेच विचारावे : खऱ्या नव्या शोधाला या कायद्याने कधी नकार दिला आहे?

आता थोडे आपल्याच मंडळींशी. 'हे सारे आपल्या ग्रंथांत आहेच' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. सदाफुली मुळात मादागास्करची, हे किती वक्त्यांना ठाऊक असते? सोमलाचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. आपल्या रसशास्त्राला सोमल शतकानुशतके परिचित. परंतु १९७० च्या दशकात चीनमधील हार्बिनच्या वैद्यांनी पारंपरिक योगातील सोमल रक्तकर्करोगाच्या एका तीव्र प्रकारावर तपासले, मोजले, सिद्ध केले. २००० साली अमेरिकेने, पहिल्या उपचारानंतर उलटलेल्या किंवा त्याला दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी, त्याला मान्यता दिली. चीनने आपला वारसा प्रयोगशाळेत नेला. आपण तो व्यासपीठावरच ठेवला. पुराव्याविना केलेला अभिमान रुग्णाच्या काय कामाचा? उलट त्याच्या भरवशावर कोणी रुग्णालयाचा उपचार सोडला, तर तो जिवावरच बेततो.

करून दाखविण्याची शक्ती आपल्यात नाही, असे मुळीच नाही. मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीने रुग्णाच्याच रक्तातील पेशींना नवे शस्त्र देणारी 'नेक्सकार१९' ही उपचारपद्धती घडविली. इतर औषधे हरल्यानंतर तिचा आधार घेता येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशाच्या सुमारे एक-दशांश खर्चात ती येथे उपलब्ध झाली, तरीही तो खर्च लाखांच्या घरात आहे. म्हणजे लढाई संपलेली नाही.

ती लढायची कशाच्या बळावर? २०२०-२१ मध्ये आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च केले. चीनचा आकडा २.४ टक्क्यांच्या आसपास होता. यासाठी शासनाला जाब विचारलाच पाहिजे, सरकार आपल्या विचारांचे असले तरीही. जनतेच्या पैशातून घडलेल्या औषधाची किंमत जनतेला परवडेल अशीच असावी, ही अट शासनाने घातली पाहिजे. आणि समाजाने? उत्सवाच्या वर्गणीतील एक वाटा रक्तकर्करोगाच्या संशोधनाला देणारी मंडळे पुण्यात निघू नयेत काय? हुशार मुलाने प्रयोगशाळेत दहा वर्षे घालवायची म्हटल्यावर आई-वडिलांचे चेहरे उतरणे थांबू नये काय? राष्ट्रकार्य केवळ मैदानावर होत नाही. सूक्ष्मदर्शकाशी बसलेला तरुणही तेच करीत असतो. त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आजचे स्वदेशी व्रत आहे.