नरक्याच्या पोटातील बुरशी

बुरशी म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे द्राक्षावरील केवडा, ज्वारीवरील काणी किंवा गव्हावरील तांबेरा उभा राहतो, आणि ग्रामकार्यकर्त्याचा हात फवारणीच्या पंपाकडे वळतो. पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या नुकसानीतून हा समज रुजला असल्याने त्याला निराधार म्हणता येणार नाही. तथापि तो अपुरा खासच आहे. निरोगी, टवटवीत झाडाच्या खोडात, पानांत व मुळांतही अनेक जातींच्या बुरशी मुक्कामाला असतात आणि झाडावर दुखण्याचे एकही चिन्ह दिसत नाही. अशा बुरशींना अंतर्वासी बुरशी म्हणावे.

त्या शोधण्याची रीत समजण्यास कठीण नाही. डहाळीचा तुकडा आधी स्पिरिटमध्ये व मग जंतुनाशक द्रावणात बुडवून त्याचे बाह्यांग निर्जंतुक करतात, शुद्ध पाण्याने धुतात, आणि तो कापून पोषक खळीच्या बशीत ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून तंतू बाहेर पडू लागतात. धुतलेले शेवटचे पाणीही दुसऱ्या बशीत ओतले जाते. त्यात काहीच उगवले नाही, तरच बुरशी आतली होती असे मानावयाचे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता असता, तर त्याची चर्चा या पानांवर करण्याचे कारण नव्हते. परंतु सह्याद्रीच्या रानातील नरक्या या लहानशा झाडाशी तो येऊन भिडला आहे. सन १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. यांतील वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखविले. या द्रव्यात फेरफार करून बनविलेल्या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील उपचारासाठी मान्यता मिळाली, आणि ज्याला दुर्गंधीमुळे कोणी जवळ करीत नव्हते त्या झाडाला गिऱ्हाईक आले. किलोभर वाळल्या सालीत हे द्रव्य फार तर दोन-चार ग्रॅम भरते. तेव्हा थोड्या औषधासाठी लाकूड पुष्कळ लागते. त्यातही मुळांत अंश अधिक असल्याने, लोभ सुटला की झाड नुसते तुटत नाही, मुळासकट उपटले जाते. (हे द्रव्य विषारी आहे. नरक्याचा काढा घरी करून रोग्यास पाजणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय.)

सन २००५ मध्ये जम्मू येथील शास्त्रज्ञांनी नरक्यातील एका अंतर्वासी बुरशीपासून प्रयोगशाळेत हेच द्रव्य मिळाल्याचे प्रसिद्ध केले. यावरून, आता औषध पिंपात पिकेल, मग रानातल्या झाडाचे काय कौतुक, असा तर्क काही सुशिक्षित मंडळीही करतात. हा तर्क घातक आहे.

अशा बुरशीतून मिळणारे द्रव्य अत्यल्प असते. शिवाय ती झाडाबाहेर पिढ्यामागून पिढ्या वाढविली की तिची ही शक्ती ओसरते. याचे एक कारण चिनी वृक्षातील अशाच एका बुरशीच्या अभ्यासात आढळले. द्रव्य घडविण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर त्या बुरशीपाशी नाही. ते यजमान झाडाकडून घ्यावे लागते. म्हणजे दाणे बुरशीचे, पण जाते झाडाचे. झाड गेले की दळण थांबले. टॅक्सॉल या दुसऱ्या औषधाचीही कथा यासारखीच आहे. ते बनविणारी बुरशी सापडल्याचे १९९३ मध्ये जाहीर झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण २०१३ मध्ये अशा बुरशींची कसून फेरतपासणी झाली, तेव्हा बुरशी हे द्रव्य स्वतंत्रपणे घडविते याला पुरावा मिळाला नाही. संशोधन थांबवावे असा याचा अर्थ नव्हे. मात्र त्याच्या भरवशावर कुऱ्हाडीला मोकळीक देणे म्हणजे विहीर खणण्याआधीच घागर फोडणे होय.

बांधावर किंवा परसात नरक्याची रोपे लावणे स्तुत्य आहे आणि त्यास उत्तेजन दिले पाहिजे. परंतु वृक्षांतील बहुतेक अंतर्वासी बुरशी बियांतून येत नाहीत. भोवतालच्या हवेतून व जमिनीतून त्यांचे बीजाणू रोपाच्या अंगात शिरतात. म्हणून दूर माळावर वाढलेल्या रोपात जुन्या रानातील सोबती असतीलच असे नाही. लागवडीने लाकडाची गरज भागेल, रानाची भागणार नाही. लागवड करणाऱ्यानेही रोग नसताना अंगात भिनणारी बुरशीनाशके मारू नयेत. घातक बुरशी कोणती व निरुपद्रवी कोणती, याची निवड ती औषधे करीत नाहीत.

अंतर्वासी बुरशीच्या नावाने कोणी पुडी विकावयास आल्यास त्यात कोणती जात आहे, ती कोणत्या पिकावर पारखली आहे आणि वापराची मुदत काय, हे ग्रामकार्यकर्त्याने विचारावे. ट्रायकोडर्माच्या बाबतीत ही चौकशी अनेक शेतकरी आता आपण होऊन करतात.

सन २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधन या शब्दाच्या व्याख्येत वनस्पती व प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. तेव्हा नरक्याच्या डहाळीबरोबर तिच्यातील बुरशीही गावाबाहेर जाते, हे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ध्यानी घ्यावे. शिवारात व लगतच्या रानात नरक्याची झाडे किती, त्यांतील फळणारी किती, कोठे तोड झाली, आणि नमुना न्यावयास कोण, कधी व कोणाच्या परवानगीने आले, एवढ्या गोष्टी लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिण्यास फार शिक्षण लागत नाही. येत्या ग्रामसभेपूर्वी निदान झाडांची मोजणी तरी उरकून घेता येईल.