मांडव कुठला, फुलं कुठली?

मार्च महिना. मुहूर्त दुपारी बाराचा. वेंगुर्ल्याच्या बाजूची एक वाडी, पुढे माड-पोफळी, मागे चिऱ्यांचं जुनं घर. नवरीच्या आईने सहा महिने आधी मुंबईच्या डेकोरेटरला काम देऊन ठेवलेलं. रात्रभर प्रवास करून टेम्पो आला. त्यात पांढरे गुलाब, जिप्सोफिलाचे गठ्ठे आणि निळा रंग पाजलेले ऑर्किड. सकाळी आठ वाजता स्टेज पाहिलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडून ‘वा!’ निघालं. साडेअकराला गुलाबांनी माना टाकल्या. जिप्सोफिला दमट हवेत पिवळट पडला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ऑर्किडचा निळा रंग ओघळून खालच्या पांढऱ्या कापडावर उतरत होता. नवरीची आई अक्षता टाकताना मुलीकडे कमी आणि त्या कापडाकडे जास्त बघत होती. इतका पैसा ओतून तिच्या वाट्याला काय आलं, तर मुलीच्या लग्नाच्या ऐन क्षणी ही धाकधूक!

आणि त्याच घराच्या मागच्या बाजूला सुरंगी फुलली होती. फांद्यांना चिकटून आलेली पिवळसर-पांढरी फुलं, मधमाश्यांचा गुंजारव, वाऱ्याबरोबर मांडवापर्यंत येणारा तो वेड लावणारा वास. गावातल्या बायका सुरंगीचे गजरे माळूनच लग्नाला आल्या होत्या. मुंबईहून आलेल्या आम्ही बायका एकमेकींना विचारत होतो, ‘अगं, हा वास कसला?’

तेव्हापासून कुठल्याही लग्नात गेलं की माझी नजर आधी स्टेजकडे न जाता आजूबाजूच्या झाडांकडे जाते. लग्न नदीकाठी असो, डोंगरावर असो, नाहीतर द्राक्षाच्या मळ्यात. ती जागा आपण निवडतो ती आवडली म्हणून. तिथलं आभाळ, तिथली सावली, तिथला वारा हवा म्हणून जास्तीचं भाडं मोजतो. आणि मग पहिलं काम काय करतो, तर ती जागा झाकून टाकतो. मागे कापडी पडदा, त्यावर फुलांची भिंत, वर झुंबर! समुद्रापाशी जाऊन समुद्राकडे पाठ करायची आणि फोटोत दादरच्या एखाद्या हॉलसारखंच दिसायचं, हा काय हिशेब?

खरं तर आपल्या लग्नांना ही गोष्ट नवी नाही. मुहूर्तमेढ रोवताना आंब्याचा टहाळा लागतोच. मांडवाच्या दाराशी केळीचे खुंट, वर आंब्याच्या पानांचं तोरण. मराठा घरांतून देवक बसवताना कुणाचं कळंब, कुणाची पंचपालवी. म्हणजे लग्नघरात नवरदेवाच्या आधी झाडं येतात! जे आसपास उगवतं तेच मांडवात यायचं, कारण दुसरं आणणार कुठून? गरजेपोटी का होईना, मांडव आणि मुलूख एकमेकांना ओळखत होते.

इथे एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ‘आपली फुलं’ म्हणून छाती काढायचं फारसं कारण नाही. ज्याच्याशिवाय आपलं एकही कार्य होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. शेवंती चीनमधून आली, गुलमोहर मादागास्करहून. देवळापुढचा चाफा, ज्याला आपण खुरचाफा म्हणतो, तोही अमेरिका खंडातला. तेव्हा फुलाची जन्मपत्रिका काढत बसू नये. ते फूल या महिन्यात, या हवेत, आसपासच्या शेतात येतं का, आणि मुहूर्ताच्या घटकेला ताजं राहतं का, एवढंच विचारावं.

महिन्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. तुळशीचं लग्न लागलं की मांडव पडायला सुरुवात होते. तेव्हा झेंडू असतो, शेवंती भरात असते. दसरा-दिवाळीचा बाजार सरला की झेंडूचा भाव पडतो आणि कित्येकदा शेतकऱ्यावर तो रस्त्यावर ओतून द्यायची पाळी येते. त्याच आठवड्यात हॉलमध्ये मात्र थायलंडहून आलेले ऑर्किड! थंडीत कुंदा असतो, पांढराशुभ्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात पळस पेटलेला असतो, कोकणात सुरंगी. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण आणि मोगऱ्याचा पूर. अबोली मात्र कोकण-गोव्यात जवळपास वर्षभर साथ देते. तिला वास नाही, पण तिच्याइतकं सोशिक फूल दुसरं नाही. सकाळी माळलेली फाती रात्रीच्या जेवणापर्यंत तशीच.

पण झाडावर सुंदर दिसणारं प्रत्येक फूल मांडवात चालत नाही. एका हौशी वराने ‘बहाव्याखालीच लग्न’ म्हणून धोशा लावला होता. इथवर ठीक होतं. मग त्याच्या मित्रांनी बहाव्याचे घोस तोडून स्टेजला बांधले. तासाभरात पाकळ्या गळून नुसत्या काड्या लोंबायला लागल्या. बहावा, पळस, ताम्हण ही झाडावरच बघायची फुलं. झाडाखाली मांडव घाला, पाकळ्या आपणहून सडा घालतील. सोनचाफ्याचंही तेच. वास स्वर्गीय, पण दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतो. त्याला वाटीभर पाण्यात पंगतीच्या मध्ये ठेवावं, हारात ओवून उन्हात लटकवू नये. सुरंगीचं तर नवरीच्या डोक्यापुरतंच बरं. स्टेजभर लावलीत तर मधमाश्या आमंत्रण नसताना येतील आणि भटजींच्या आधी वऱ्हाडच पळेल!

घड्याळही फुलांना कळतं. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे काढतात आणि त्या उमलतात संध्याकाळी. दुपारच्या मुहूर्ताला मोगऱ्याचा हार म्हणजे कळ्यांचा हार. दिसायला मोत्यासारखा, पण वास मुका. तोच हार गोरज मुहूर्तावर घातला तर सगळा मांडव दरवळतो. निशिगंधही संध्याकाळचाच. रंगाचीही तीच गोष्ट. गर्द लाल गुलाब दिवसा शोभतात, अंधार पडला की काळे दिसतात. संध्याकाळच्या दिव्यात पांढरा आणि पिवळा उठून दिसतो. चिऱ्याच्या तांबड्या भिंतीपुढे केशरी झेंडू हरवतो, तिथे पांढरी शेवंती लावा. हिरव्यागार डोंगरापुढे मात्र झेंडूला तोड नाही. समुद्रकाठी खारा वारा नाजूक पाकळीला उभं राहू देत नाही, म्हणून तिथे फुलं कमी आणि पानं जास्त. विणलेल्या माडाच्या झावळ्या, केळीची पानं, पोफळीचा पांढुरका तुरा. झावळ्या विणणारे हात अजून गावोगाव आहेत, कुणी त्यांना विचारत नाही एवढंच.

यासाठी फार काही करावं लागत नाही. जागा ठरवायला जाल तेव्हा मुहूर्ताच्या वेळेला जा. दुपारचं लग्न असेल तर दुपारीच जा आणि ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो ते उभं राहून बघा. तिथल्या माळ्याला विचारा, या महिन्यात इथे काय फुलतं? हा प्रश्न ऐकून माळ्याचा चेहरा खुलतो, हे मी पाहिलंय. बहुतेक लोक त्याला फक्त ‘गाड्या कुठे लावायच्या?’ एवढंच विचारतात.

निसर्गाच्या नावाखाली निसर्गाला ओरबाडायचं मात्र नाही. सह्याद्रीत झाडाच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते. जंगलातलं ते ऑर्किड नवरीच्या अंबाड्यासाठी काढून आणणं म्हणजे हौस नव्हे, चोरी आहे. झाडाला खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावणं, तोरणांसाठी आंबा बोडका करणं, हेही तसंच. आणि तो हिरवा स्पंज! फुलांच्या परडीखाली लपवलेला, पाणी धरून ठेवणारा. तो प्लॅस्टिकच्याच जातीचा, मातीत कुजत नाही, चुरा होऊन पसरतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून त्याला हद्दपार केलं. आपल्याकडे २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, पण हा स्पंज अजून शेकड्यांनी वाडीच्या विहिरीमागे टाकलेला दिसतो. त्याच्याऐवजी पितळी घंगाळं, मातीचे माठ, कळशा वापरता येतात. आपल्या माळ्यांवर त्या पडूनच असतात.

आता पैशाचा मुद्दा. स्थानिक फुलं म्हणजे स्वस्तातलं लग्न, असा समज करून घेऊ नका. सुरंगीची कळी पहाटे, फूल उमलायच्या आत झाडावर चढून काढावी लागते. मग घरातल्या बायका बसून ती ओवतात. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. जव्हार, विक्रमगडच्या बाजूला आदिवासी कुटुंबांनी मोगऱ्याची शेती धरली आहे आणि त्यांचा मोगरा दादरच्या बाजारात येतो. कळ्या खुडणारे हात तिथेही बहुतेक बायकांचेच. डेकोरेटरने सांगितलेला लाखाचा आकडा आपण मान डोलावून कबूल करतो आणि गजरेवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. हे वागणं मला आजवर समजलेलं नाही. फुलांवरचा खर्च कमी करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. निदान त्यातला काही भाग त्या गावात राहावा, एवढी अपेक्षा चूक नाही. महिनाभर आधी सांगा, थोडा उचल म्हणून द्या. ऐनवेळी मोबाइलवर ‘दोनशे गजरे उद्या सकाळी’ असं सांगून फुलं येत नसतात.

गजऱ्यांवरून आणखी एक आठवलं. लग्नात गजऱ्यांचं तबक फिरतं. दारातली मुलगी हसून प्रत्येकीला गजरा देते आणि एखादीपाशी येऊन थबकते. तबक हलकेच पुढे जातं. ती बाईही सवयीने नजर दुसरीकडे वळवते. कधी कधी ती नवरीची आईच असते! जिने एकटीने मुलीला वाढवलं, मांडवाचं पैसे भरून बुकिंग केलं, तिच्याच केसांत फूल नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. कागद झाला. तबक मात्र आपल्याच हातात असतं. जागेला शोभतील अशी फुलं आणायची म्हणून आपण इतका विचार करतो, मग जागेत वावरणाऱ्या बाईचा विचार त्यातून वगळायचा?

माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न मेमध्ये ठरलंय, तिच्या आजोळी सावंतवाडीजवळ. गेल्या महिन्यात आम्ही तिघी जागा बघायला गेलो, बरोबर दुपारी बाराला. ऊन नेमकं स्टेज घालायच्या जागेवर होतं, म्हणून मांडव फणसाखाली सरकवला. अबोली आणि मोगरा नक्की झाला, झावळ्या विणायला शेजारचे दोन काका तयार झाले. मैत्रिणीला संध्याकाळच्या रिसेप्शनला गुलाब हवेच आहेत. त्यावर मायलेकींची अजून जुंपलेली आहे आणि मला वाटतं आईच जिंकेल. जिंकू दे, तीही तिची हौस आहे.

गजरे करणाऱ्या मावशींकडेही जाऊन आलो. त्यांनी फुलांचा भाव सांगायच्या आधी विचारलं, “बायलमाणसां किती येतली?” मैत्रीण बोटं मोजायला लागली, सवाष्णी इतक्या, मुली इतक्या... लेकीने मधेच तोडलं, “मावशी, दीडशे धरा. आजी धरून.” मैत्रिणीने एकदा लेकीकडे पाहिलं, आणि पर्स उघडून उचल दिली.