अडलेल्या घासाचें नांव

पंक्तींत बसलेलें वडीलधारें माणूस प्रत्येक घासामागें पाण्याचा घोट घेऊं लागलें, पोळी सोडून मऊ भातच मागूं लागलें, किंवा चारचौघांत जेवावयास बसण्याचेंच टाळूं लागलें, तर घरांतील मंडळी बहुधा म्हणतात, “वय झालें, भूक मंदावली.” मग पित्तावरची गोळी सुरू होते. परंतु घशाखालीं उतरलेला घास छातीशीं अडत असेल, तर तो वयाचा दोष मानून स्वस्थ बसणें बरें नव्हे.

अन्ननलिका म्हणजे केवळ पन्हळ नव्हे. सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी लाटेसारखी आकुंचन पावत घास खालीं ढकलते, आणि त्याच वेळीं जठराच्या तोंडाशीं असलेली झडप सैल पडून त्यास वाट देते. ही लाट बिघडणें व झडप सैल न पडणें, या विकारास ‘ॲकलेशिया’ म्हणतात. लाखांत वर्षाकाठीं सुमारें एकास होणारा असा हा विरळा विकार. पण नवा नव्हे. इंग्लंडांतील वैद्य थॉमस विलिस यांनीं सतराव्या शतकांतच अशा एका रोग्याची हकीकत लिहून ठेविली आहे. तो देवमाशाच्या हाडाच्या कांबीस स्पंज बांधून घास खालीं लोटीत असे.

अडचण येते ती नांवाची. खाल्लेलें अन्न परत तोंडाशीं येतें, छातींत जळजळतें, म्हणून हा विकार पुष्कळदा आम्लपित्ताचाच समजला जातो. दुर्बिणीनें पाहिलें तरी आरंभीं नळी स्वच्छ दिसूं शकते, कारण दोष हालचालींत असतो. येथें चूक महाग पडते. आम्ल वर येऊं नये म्हणून शस्त्रक्रियेनें झडप घट्ट करतात. परंतु मुळांतच न उघडणारी झडप अधिक आवळली, तर रोग्याचे काय हाल होतील हें सांगावयास नको.

यास्तव नाकावाटे बारीक नळी जठरापर्यंत सोडून लाटेचा दाब मोजतात. पूर्वीं अशा नळीवर मोजकींच मापकें असत. आतां साधारण सेंटिमीटरागणिक एक असतें व दाबाचें रंगीत चित्र पडद्यावर उमटतें. पण चित्र स्पष्ट झालें म्हणजे अर्थही एकच निघतो, असें नाहीं. उत्तरपत्रिका तपासण्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. एकाच निबंधास एक परीक्षक ६० गुण देतो, दुसरा ४०. दोघेही प्रामाणिक, गुण कशास द्यावयाचे हें आधीं ठरलेलें नसतें, इतकेंच.

तें ठरविण्याचा उद्योग ‘शिकागो वर्गीकरण’ या नांवानें चालू आहे. त्याची पहिली आवृत्ति २००९ सालीं निघाली. २०१२ व २०१५ सालीं ती सुधारली, आणि २०२१ सालच्या चौथ्या आवृत्तीसाठीं निरनिराळ्या देशांतील ५२ तज्ज्ञांनीं विचारविनिमय केला. रोग्यास निजवून ५ मिलिलिटर पाण्याचे १० घोट द्यावे, मग बसवून आणखी ५ द्यावे, असें तींत सांगितलें आहे. झडपेच्या दाबाची मर्यादा एका बनावटीच्या यंत्रावर पाऱ्याचे १५ मिलिमीटर, तर दुसऱ्यावर २२. म्हणजे कोणत्या यंत्रानें मोजलें हें न सांगतां नुसता आंकडा सांगणें व्यर्थ. ॲकलेशियाचेही तीन प्रकार पाडले आहेत, कारण प्रत्येकास एकच उपाय सारखा लागू पडत नाहीं.

आमच्याकडे ही दृष्टि अपरिचित नाहीं. माधवकरानें चरक, सुश्रुत व वाग्भट यांचीं रोगलक्षणें एकत्र करून ‘माधवनिदान’ रचिलें, तें वैद्यांनीं एका भाषेंत बोलावें म्हणूनच उपयोगी पडलें. मात्र मापदंड म्हणजे रोगी नव्हे. चौथ्या आवृत्तीनेंही बजाविलें आहे कीं, झडपेशीं अडथळा आहे असें केवळ दाबाच्या आंकड्यावरून ठरवूं नये. रोग्यास तशी पीडा असली पाहिजे, आणि बेरियम पाजून घेतलेल्या चित्रासारख्या दुसऱ्या तपासणीचा आधारही मिळाला पाहिजे.

१९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशकांतच आहे. ॲलोपथी व आयुर्वेद या दोन्ही शाखांच्या राज्यांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा तें घेतें. नाशकांत लिहिलेला अहवाल मुंबईच्या वैद्यास जसाच्या तसा कळावा, ही संवय विद्यार्थिदशेंतच लागली तर किती बरें होईल!

घरच्यांचेंही एक कर्तव्य आहे. घट्ट अन्नच अडतें कीं पहिल्यापासून पाणीसुद्धां, हें पाहून लिहून ठेवावें. आधीं घट्ट व मग पातळही अडूं लागलें, तर नळी अरुंद झाल्याचा संशय येतो; दोन्ही आरंभापासूनच अडत असल्यास हालचालींतील दोषाचा. वजन घटतें काय, रात्रीं निजल्यावर ठसका लागतो काय, हेंही टिपावें. गांठ किंवा कर्करोग नाहीं याची खात्री करून घेण्यासाठीं दुर्बिणीची तपासणी आधीं हवी. तींत दिरंगाई नको. वडील माणसें संकोचानें आपली पीडा सांगत नाहींत. ती पंक्तींतच ओळखण्याइतकें लक्ष आपण त्यांच्या ताटाकडे द्यावें.