घरचा छोटा संगणक : घ्यावा, पण पारखून

शेतकरी बंधूंनो, सातबारा, महाडीबीटीवरचा अवजारांचा अर्ज, पोरांचे प्रवेश, बचत गटाचा हिशेब ही सगळी कामे आता संगणकावर आली. मोबाईलवर ती होतात, पण लांबलचक अर्ज भरताना डोळे दुखतात आणि हिशेबाचे तक्ते नीट दिसत नाहीत. मग तालुक्याला जायचे, सेवा केंद्रात रांग धरायची. आपल्या अर्जाला कोणते कागद जोडले हे केंद्रचालकाला ठाऊक, आपल्याला नाही. आपले कागद आपल्या घरात असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हल्ली बाजारात हाताच्या पंजाएवढे छोटे संगणक मिळतात. 'साहेब, एवढ्याशा डबीत काय होतंय?' असे गावोगाव विचारतात. घरच्या रोजच्या कामाला ही डबी पुरते. विहिरीला पाणी जेमतेम असताना साडेसात अश्वशक्तीची मोटार कोणी बसवत नाही. तसेच हे आहे. पत्रे, तक्ते, सरकारी संकेतस्थळे, पोरांचा अभ्यास, व्हिडिओ यांना स्वस्तातला प्रोसेसर चालतो. २०२३ साली आलेला इंटेलचा एन१०० हा त्यातलाच, चार कोअरचा. मोठे गेम किंवा लग्नाच्या व्हिडिओंची जुळवणी करायची असेल, तर मात्र हा संगणक घेऊ नये.

खरा फायदा विजेचा. छोटा संगणक आणि पडदा मिळून साधारण ३५ वॅट धरा. रोज चार तास चालला तर महिन्याला सव्वाचार युनिट. जुना मोठा डबा पडद्यासह १२० वॅट धरला, तर साडेचौदा युनिट होतात. भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवरही तो सहज चालतो. पण लक्षात ठेवा, लॅपटॉपसारखी बॅटरी यात नसते. लाईट गेली की न साठवलेले काम गेले. ज्या घरी इन्व्हर्टर नाही, तिथे लहान यूपीएस घ्यावा, नाहीतर लॅपटॉपचाच विचार करावा.

घेताना चार गोष्टी बघा. रॅम आठ जीबी हवी. चार जीबीवर काम रडतखडत होते. साठवण २५६ जीबीची एसएसडी हवी. काही स्वस्त डब्यांत ईएमएमसी नावाची साठवण बोर्डावरच डकवलेली असते. ती हळू असते आणि बिघडली तर बदलता येत नाही. तिसरे, घरच्या टीव्हीला एचडीएमआयचे भोक असेल तर सुरुवातीला पडद्याचा खर्च वाचतो. चौथे, विंडोजचा परवाना अस्सल आहे का, ते विचारा. 'टाकून देतो हो फुकटात' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. परवान्याचा खर्च नको असेल तर लिनक्स आणि लिब्रे ऑफिस हे कायदेशीर आणि मोफत आहेत. मराठीही त्यात उत्तम चालते.

कार्यालयांतून निघालेले वापरलेले छोटे संगणकही विकायला येतात. ते वाईट नाहीत. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा माल 'एकदम नवा' म्हणून गळ्यात मारला, तर पुढे पस्तावायची पाळी येते.

दोष सांगितले नाहीत तर सल्ला अर्धवट राहील. या डबीत प्रोसेसर बोर्डालाच जोडलेला असतो. बोर्ड गेला की दुरुस्ती परवडत नाही. म्हणून वॉरंटी किती, आणि बिघडल्यावर माल तालुक्याला द्यायचा की कुरिअरने पाठवायचा, हे आधी विचारा. बियाण्याच्या पिशवीची पक्की पावती मागतो तशीच इथेही जीएसटीची पावती घ्या. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात डबी भिंतीला चिकटवून ठेवू नका. हवा खेळू द्या, आणि जाळीतली धूळ महिन्याला झटका. भाव विचारताना कीबोर्ड, माऊस, परवाना, कर असा सगळा धरून विचारा.

आणखी एक. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिका. जुन्या फॉन्टमधला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही दाखल्यांचे नमुने युनिकोडमध्येच ठेवावेत, म्हणजे लोकांना ते घरी उघडता येतील.

कर्ज काढून मात्र संगणक घेऊ नये. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. एका घराला झेपत नसेल तर बचत गटाने मिळून एक घ्यावा आणि वापराची वही ठेवावी. घरात दहावी-बारावीचे पोर असेल, दुधाचा-खताचा हिशेब लिहायची सवय असेल, तर हा खर्च वाया जाणार नाही. नुसता झाकून ठेवायला घेणार असाल, तर तेच पैसे ठिबकच्या दुरुस्तीला लावा.