नव्या प्रवाळासाठी प्रकाशाचा हिशेब

घरगुती सागरी मत्स्यालयात नवे प्रवाळ आले की पाळणाऱ्याचे सारे लक्ष पहिल्या अर्ध्या तासावर एकवटते. पिशवी टाकीत तरंगत ठेवणे, बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडणे, क्षारता मोजणे हे सोपस्कार काटेकोरपणे पार पडतात आणि प्रवाळ खडकावर चिकटवले की काम संपले असे मानले जाते. या मासिकाच्या वाचकांना हा क्रम तोंडपाठ आहे. तरीही नवी प्रवाळे दगावतात ती बहुधा त्या अर्ध्या तासात नव्हे, तर पुढच्या दोन-चार आठवड्यांत, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते पाण्यापेक्षा प्रकाशात अधिक वेळा सापडते.

प्रवाळाचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे तोंडाभोवती स्पर्शिकांचे कडे असलेला लहानसा प्राणी, आपल्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले बाळगतो आणि प्रकाशसंश्लेषणातून त्यांनी तयार केलेल्या अन्नाच्या मोठ्या वाट्यावर जगतो. या शैवालांच्या वर्गीकरणाची २०१८ मध्ये फेरमांडणी झाली आणि त्यांच्या कुळात अनेक स्वतंत्र प्रजाती मान्य झाल्या. एकाच जातीची दोन प्रवाळे एकाच दिव्याखाली वेगळी का वागतात, याच्या उत्तराचा काही भाग या विविधतेत आहे. मंद प्रकाशात वाढलेल्या प्रवाळातील शैवाले मिळेल तो प्रकाश टिपण्यासाठी अधिक हरितद्रव्य साठवतात. अशा प्रवाळावर एकाएकी प्रखर प्रकाश पडला की शोषलेली सगळी ऊर्जा वापरणे शैवालांना जमत नाही, उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात, ती शैवाल आणि यजमान या दोघांच्याही पेशींना इजा करतात, आणि अखेरीस शैवाले गमावून प्रवाळ पांढरे पडते. ही इजा काही तासांत सुरू होऊ शकते, तर रंगद्रव्यांची नव्या प्रकाशाशी जुळवणी व्हायला दिवस आणि आठवडे लागतात. नव्या प्रवाळाबाबतचा प्रत्येक निर्णय ही तफावत लक्षात ठेवूनच घ्यावा लागतो. उलट्या बाजूची चूक, म्हणजे प्रकाश कमी ठेवणे, प्रवाळाला फार तर तपकिरी करते, आणि तपकिरी प्रवाळ सहसा सावरते.

एलईडी दिव्यांनी या प्रश्नात एक फसवणूक मिसळली आहे. माणसाच्या डोळ्याची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, सर्वाधिक असते आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला ती अगदीच थोडी असते. शैवाले मात्र नेमका हाच निळा प्रकाश उत्तम शोषतात. त्यामुळे डोळ्याला सौम्य वाटणारी निळी टाकी प्रवाळाच्या दृष्टीने कडक उन्हात असू शकते. म्हणूनच प्रकाशाचा अंदाज डोळ्याने न घेता पार या मापाने घ्यावा. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे किती फोटॉन दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात, ते हे माप मायक्रोमोलमध्ये सांगते. मश्रूम प्रवाळांना साधारण ५० ते १०० पार पुरेसा असतो, बहुतेक झोअँथिड आणि लेदर प्रवाळे १०० ते १५० मध्ये समाधानी राहतात, आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. मापक महाग असला, तरी तो रोज लागणारे उपकरण नसल्याने चार-पाच जणांनी मिळून एक घेण्यास हरकत नाही.

विक्रेत्याकडे प्रवाळ किती प्रकाशात होते, हा प्रश्न किमतीच्या प्रश्नाआधी विचारला गेला पाहिजे. उत्तर मिळाले नाही तर ते मंद प्रकाशातून आले असे धरून चालावे. प्रवाळ प्रथम वाळूजवळ ठेवून दर काही दिवसांनी वर सरकवण्याची पद्धत रूढ असली तरी तिची शिफारस करणे कठीण आहे, कारण प्रत्येक हलवणुकीत प्रवाळाला प्रकाशाबरोबर प्रवाहही नवा मिळतो आणि बिघाड कशाने झाला हे कळेनासे होते. साऱ्या टाकीचा प्रकाश निम्म्यावर आणला तर जुन्या, रुळलेल्या प्रवाळांना त्याची शिक्षा होते. त्यापेक्षा प्रवाळ कायमच्या जागी बसवून त्या कोपऱ्यावर, पाण्याच्या वर, मच्छरदाणीच्या जाळीचे दोन-तीन थर अंथरावेत आणि दर पाच-सहा दिवसांनी एकेक थर काढावा. हा उपाय दिसायला ओबडधोबड आहे, पण दिव्याच्या ॲपमधील कोणत्याही तयार योजनेइतकाच तो उपयोगी पडतो.

पाण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. प्रवाळाला शरीरातील क्षारांचे नियमन करता येत नाही, बाहेरच्या पाण्याची क्षारता हीच त्याच्या ऊतींची क्षारता होते, म्हणून दोन पाण्यांतील फरक मोठा असेल तेव्हा थेंबपद्धत हवीच. फरक दर हजारी एक-दोन भागांचाच असेल तर तापमान जुळताच प्रवाळ हलवलेले बरे. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र शुद्ध पाण्याने नव्हे, तर दर हजारी ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेला असावा. पोषकद्रव्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणे हे स्वच्छतेचे लक्षण मानण्याची सवय अजून गेलेली नाही. परंतु साउथॅम्प्टन विद्यापीठातील योर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये २०१३ साली दाखवून दिले की नायट्रोजन मुबलक असताना फॉस्फेटचा तुटवडा पडला तर प्रवाळ उष्णतेने आणि प्रकाशाने पांढरे पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे फॉस्फेट शोषणारे माध्यम नुकतेच बदललेली टाकी ही नव्या प्रवाळासाठी वाईट वेळ आहे. महाराष्ट्रात एप्रिल-मे हे महिनेही तसेच, कारण चिलर नसलेल्या टाकीचे पाणी त्या दिवसांत २९ अंशांपलीकडे सहज जाते आणि उष्णता व प्रकाश एकमेकांचा आघात वाढवतात.

बसवण्यापूर्वीची औषधी बुडवणी, ज्याला सर्रास डिप म्हणतात, ती टाळू नये. पण तिच्यावर विसंबूनही राहू नये. आयोडीनच्या किंवा तयार मिळणाऱ्या द्रावणांनी चपटे कृमी आणि कवचहीन गोगलगाई गळून पडतात, अंडी मात्र बहुधा टिकतात. ॲक्रोपोरा खाणाऱ्या ज्या चपट्या कृमीने जगभरच्या टाक्या उजाड केल्या, त्याला ॲमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी हे शास्त्रीय नाव २०११ मध्ये मिळाले, आणि त्याची अंडी प्रवाळाच्या उघड्या पडलेल्या सांगाड्यावर चिकटलेली असतात. म्हणून प्रवाळाचा तुकडा ज्या बैठकीवर आला ती शक्यतो तोडून टाकावी, वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे विलगीकरण करावे आणि त्या काळात डिप पुनःपुन्हा द्यावा. ज्याच्याकडे विलगीकरणाची टाकी नाही त्याने नवे प्रवाळ विकत घेण्याआधी ती घ्यावी, इतके स्पष्ट लिहिण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रवाळ जागेवर बसले की पाळणाऱ्याचा हात हाच त्याचा मोठा शत्रू ठरतो. काही दिवस पॉलिप मिटलेले राहतात, लेदर प्रवाळ मेणचट पापुद्रा टाकते, आणि नेमक्या याच वेळी घाबरून जागा बदलली जाते. पापुद्रा टाकणे हे आरोग्याचे लक्षण आहे. ऊती सांगाड्यापासून सुटू लागणे हे नाही, आणि तसे दिसल्यास प्रथम पंपाचा झोत थेट अंगावर येतो का ते पाहावे.

भारतातील वाचकाने एक गोष्ट याहूनही आधी तपासायची आहे. सांगाडा बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला जिवंत तुकडा घरी आणणे हा गुन्हाच ठरतो. ॲक्रोपोराविषयी वर जे लिहिले ते म्हणून परदेशातील वाचकांच्या अधिक कामाचे. येथील जबाबदार पाळणाऱ्याच्या टाकीत प्रामुख्याने लेदर, मश्रूम आणि झोअँथिड दिसतात, आणि त्यातल्या झोअँथिडांशी, विशेषतः पॅलिथोआशी, व्यवहार करताना प्रवाळाइतकीच स्वतःचीही काळजी घ्यावी लागते. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. हवाईतील पॅलिथोआपासून वेगळे केलेले हे विष १९७१ मध्ये प्रथम नोंदवले गेले, आणि ते पेशीतील सोडियम-पोटॅशियमचा पंप सताड उघडा ठेवते. तुकडे कापताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, पॅलिथोआ चिकटलेला खडक कधीही उकळू नये किंवा त्यावर गरम पाणी ओतू नये, कारण विष वाफेबरोबर हवेत उडते आणि घरातील सर्वांच्या, पाळीव प्राण्यांच्याही, श्वासात जाते. अशा कामानंतर ताप, खोकला, छातीत दुखणे किंवा धाप लागणे सुरू झाल्यास ते साध्या फ्लूसारखे भासते. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना विषाचे नाव कागदावर लिहून द्यावे.